गाळलेल्या ओळी

१४ जून

नर्सबाई,

तू लेकीला माझ्याकडे सोडून गेलीस त्याला आज आठवडा झाला. दोन बॅगा, एक दप्तर, एक उशी आणि तोंडाला कुलूप. तुझी बस निघाली तेव्हा तिने मान वर केली नाही. बस दिसेनाशी झाल्यावर मात्र पाव तास तिकडेच पाहत उभी होती. हे तुला कळवावं की नाही यात माझे दोन दिवस गेले. कळवलं.

मी तिचं नाव खारू ठेवलंय. खार शेंगा दडवते, ही गृहपाठ दडवते. सोमवारी भाषेची वही पिठाच्या डब्यामागे सापडली. मंगळवारी भूगोल वॉशिंग मशीनमध्ये होता आणि तो धुतला गेला. आता त्यातल्या सगळ्या नद्या एकमेकींना मिळाल्या आहेत. मी विचारलं, ‘‘हे कोणी केलं?’’ तर म्हणते, ‘‘मशीनने.’’ वकील होईल, पण त्यासाठीसुद्धा वाचावं लागतं, हे तिला सांगितलं.

वाचायला बसवलं की पोटात दुखतं. पोटावर औषध दिलं की पाय दुखतो. काल धडा पुढ्यात ठेवला, तर पहिल्या ओळीवर बोट ठेवून दहा मिनिटं बसली. शेवटी बोटाला मुंग्या आल्या म्हणाली.

तू रविवारी फोन केलास तेव्हा ही दाराआड उभी होती. ‘‘कशी आहे?’’ असं तू विचारलंस, मी ‘‘छान’’ म्हटलं, आणि माझी थाप तिने ऐकली. दोन खोल्यांच्या घरात फोनवर खाजगी असं काही राहत नाही. यापुढे कामाचं असेल ते पत्राने. एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली आहेत, चार पानांच्या पत्राने मला धाप लागत नाही.

आणि पाकिटावर ‘तीर्थरूप’ लिहू नकोस. मी अजून जिवंत आहे.

मावशी


२३ जून

मावशी,

तुझं पत्र जेवणाच्या सुटीत वाचलं. वॉशिंग मशीनपाशी इतकी हसले की शेजारच्या सिस्टरने पाणी आणून दिलं. मग त्या पाव तासाचं वाचलं आणि पाणी खरंच लागलं.

पत्राचं तू म्हणालीस ते पटलं. पत्र सुरक्षित. त्या घरात वाचणारी तू एकटीच आहेस, त्यामुळे मोकळेपणाने लिहिता येईल.

इथे कोर्स कठीण आहे, पण जमतंय. डायलिसिसच्या मशीनवर चार-चार तास पेशंट पडून असतात आणि आम्ही आकडे लिहीत असतो. माझ्या वाट्याला एक म्हातारे शिंपी आले आहेत. ते मशीनला ‘सवत’ म्हणतात. आठवड्यातून तीनदा तिच्याकडे जावं लागतं, बायको रागावते, म्हणे. वर्षभर काढलं की कायमची नोकरी आहे, मग लेकीला घेऊन नीट राहता येईल. तिचा बाप त्याच्या नव्या संसारात सुखी आहे, त्याची मला आता आठवणही येत नाही.

एक विचारायचं होतं. ती अजून अंथरूण ओलं करते का? दोन वर्षांपूर्वी थांबलं होतं, मी निघायच्या महिन्यात पुन्हा सुरू झालं. तिला ओरडू नकोस, आणि मी विचारलं हे तिला सांगू नकोस.

तुझ्या पत्रातल्या ओळी उजवीकडे उतरत जातात. पूर्वी तर तुझी ओळ पाहून फूटपट्टी लाजायची. टेबल बदललंस का?

तुझी भाची


८ जुलै

नर्सबाई,

टेबल तेच आहे, एक पाय आखूड झालाय. माणसाचे होतात, टेबलाचे का होऊ नयेत?

तुझ्या शिंप्याला माझा नमस्कार सांग. बायकोचं चुकत नाही, हेही सांग.

शाळेत जाऊन आले. बाईंची पद्धत ऐक. एकाला उभं करून वाचायला लावतात, आणि बाकीच्या वर्गाने प्रत्येक चुकीला एक बोट वर करायचं. दहा बोटं झाली की वाचणाऱ्याने खाली बसायचं. म्हणजे तुझी लेक तोंड उघडते आणि समोर चाळीस पोरांची बोटं उगवायला लागतात. आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर पट्टीने मारायच्या, पण एकटीच मारायच्या. चाळीस जणांना कामाला लावलं नव्हतं. मी बाईंना म्हटलं, ‘‘मी एक पान आणते, तुम्ही वाचा, मी बोटं वर करते.’’ त्या म्हणाल्या, ‘‘आजी, आम्हाला प्रशिक्षण आहे.’’ मी म्हटलं, ‘‘ते दिसतंय.’’ निरोप फारसा गोड झाला नाही.

घरी मी छापखान्याची रीत काढली. आम्ही जोडीने काम करायचो. एकीने लेखकाच्या हस्तलिखितातून मोठ्याने वाचायचं, स्वल्पविराम आणि पूर्णविरामसुद्धा तोंडाने उच्चारून. दुसरीने छापील प्रुफावर बोट ठेवून ऐकायचं. वाचणारीची चूक कधी धरत नसत. चुका असायच्या त्या कागदाच्या. तर खारू वाचणारी, मी ऐकणारी. तिला सांगितलं, ‘‘कागदात चुका असतात, त्या पकडायच्या. तुझ्या नाहीत.’’ तिने विचारलं, ‘‘पुस्तकातपण?’’ मी म्हटलं, ‘‘पुस्तकात तर जास्त.’’ हे तिला फार आवडलं.

धड्याला हात लावलेला नाही. औषधाच्या बाटल्या, विजेचं बिल, साबणाचा कागद. वाचताना दात उपटल्यासारखे शब्द निघतात. पण परवा स्वतःहून म्हणाली, ‘‘जेवणानंतर एक गोळी पूर्णविराम. मावशीआजी, तू दोन घेतेस.’’ आता मी एक घेते.

मावशी


२८ जुलै

मावशी,

तू अंथरुणाबद्दल काही लिहिलं नाहीस. सगळं ठीक असेल असं धरते.

शिंप्यांना निरोप दिला. ते म्हणाले, तुमच्या मावशींशी लग्न झालं असतं तर मूत्रपिंडं बिघडायची हिंमत झाली नसती.

आता जरा जड लिहिते. शाळेने मला नोटीस पाठवली आहे. वाचन दुसरीच्या पातळीचं आहे, सहामाहीत सुधारलं नाही तर चौथीतून मागे बसवावं लागेल. माझ्याबरोबरच्या एका सिस्टरने एक निवासी शाळा सुचवली. वाचनात मागे असलेल्या मुलांसाठी तिथे वेगळा वर्ग आहे. मुलं तिथेच राहतात, महिन्यातून एकदा घरी येतात. मी जाऊन पाहिली. स्वच्छ आहे. खाटा ओळीने मांडलेल्या आहेत आणि प्रत्येक खाटेला नंबर आहे. तो नंबर बघून माझे पाय दाराकडे वळले, पण ते आईचे पाय, त्यांचं किती ऐकायचं?

तुझ्या वयात नऊ वर्षांचं पोर सांभाळायला लावणं हा माझा स्वार्थ आहे, हेही मला कळतं. तू तोंडाने कधी म्हणणार नाहीस.

फॉर्म वीस ऑगस्टपर्यंत द्यायचा आहे. तुझं मत हवं. फोनवर बोलू नकोस, ती ऐकेल. तू पत्रात काही लिहिलं नाहीस तर तुझी हरकत नाही असं समजेन, कारण हरकत असताना तू गप्प बसल्याचं मला आयुष्यात आठवत नाही.

इथे हवा कोरडी आहे, ओठ फुटतात. तुझी ती पिवळी डबीतली मलमाची कृती पाठव.

तुझी भाची


११ ऑगस्ट

नर्सबाई,

मलम असं. मेण एक भाग, खोबरेल तेल तीन भाग, मंद आचेवर विरघळवायचं, थंड होईपर्यंत ढवळत राहायचं. ढवळणं सोडून फोनवर बोलायचं नाही.

तुझ्या शिंप्याला म्हणावं, माझ्याशी लग्न करायला आलेल्या तिघांची मूत्रपिंडं शाबूत आहेत, कारण मी नाही म्हटलं.

तुझ्या लेकीत बदल झालाय आणि तो मला कळत नाही. दहा-बारा दिवसांपासून ती भयंकर शहाण्यासारखी वागते. कप विसळते. माझ्या चपला जोडीने लावते. गृहपाठ दडवत नाही, उलट माझ्यासमोर आणून ठेवते, जणू मांजरीने उंदीर आणला. संध्याकाळी मी म्हणायच्या आत पुस्तक काढून बसते आणि वाचते. चुकते, थांबते, पुन्हा वाचते. काल विचारलं, ‘‘मी चांगली वाचायला लागले तर ही खिडकीजवळची खाट माझीच ना?’’ मी म्हटलं, ‘‘नाही वाचलीस तरी तुझीच. मला वाऱ्याने सर्दी होते.’’ यावर रडायला कशासाठी लागली, देव जाणे.

परवा भाजी निवडताना म्हणाली, ‘‘मावशीआजी, कोणी काहीच बोललं नाही तर त्याचा अर्थ काय होतो?’’ मी म्हटलं, ‘‘तो माणूस शहाणा आहे असा.’’ तिने देठं भाजीत टाकली आणि पानं केरात.

वयाचा परिणाम असेल. तिच्या, माझ्या नव्हे.

तू फार थोडं लिहितेस अलीकडे. शिंपी आणि मलम, एवढंच. पाकीट तर चांगलं जाड लागतं हाताला. कागद जाड वापरतेस का?

मावशी


२४ ऑगस्ट

मावशी,

मलम जमलं. ओठ बरे आहेत.

तुझं पत्र तीनदा वाचलं. प्रत्येक ओळीत शोधलं. शाळेबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस, तेव्हा तुझं मत कळलं. खाटेचा विषय का काढलास तेही मला कळून चुकलं. तुला झेपत नसेल हे मला आधीच कळायला हवं होतं.

अठरा तारखेला फॉर्म दिला. जागा मिळाली आहे. दहा सप्टेंबरला तिला न्यायला येते. तिला तूच सांग, तुझ्याइतकं नीट मला सांगता येणार नाही.

एक मनातलं लिहिते, राग मानू नकोस. मला वाटलं होतं तू भांडशील.

तुझी भाची


३० ऑगस्ट

नर्सबाई,

हे पत्र तीन दिवस लिहितेय आणि ओळी एकमेकींवर चढल्या असतील. चढू देत. फोन करणार होते. पण फोनवर मी ओरडले असते, तू रडली असतीस आणि काम जिथल्या तिथे राहिलं असतं.

आधी माझा गुन्हा. टेबलाचा पाय आखूड नाही. मला दिसत नाही. गेल्या वर्षापासून डोळ्यांच्या मधोमध एक डाग बसलाय. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. कडेचं सगळं दिसतं. दार दिसतं, कुलूप दिसत नाही. मी लिहिते ते सवयीने, कॉन्व्हेंटातल्या सिस्टरच्या पट्टीसारखी एक जुनी लाकडी पट्टी कागदावर आडवी धरून. वाचता मात्र येत नाही. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पाहणाऱ्या बाईला आपलं पत्र वाचता येत नाही, हे लोकांना सांगायची लाज वाटली. तुला तर मुळीच सांगायचं नव्हतं, नाहीतर तू कोर्स सोडून आली असतीस.

मग तुझी पत्रं कोण वाचत होतं?

जूनमध्ये तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी ऐटीत खारूला म्हटलं, ‘‘चल, वाचणारी, कामाला लाग.’’ वीजबिलाला अडखळणारी पोर तुझ्या पत्राला एवढी अडखळली नाही. मला वाटलं, आईचं अक्षर ओळखीचं असतं, म्हणून. मूर्ख म्हातारी.

सत्तावीस तारखेला तुझं पत्र आलं. तिने पाकीट फोडलं, म्हणाली, ‘‘मावशी स्वल्पविराम मलम जमलं पूर्णविराम ओठ बरे आहेत पूर्णविराम.’’ आणि थांबली. मी म्हटलं, ‘‘पुढे?’’

‘‘पुढे कोरं आहे.’’

‘‘आण इकडे.’’

तू पेन दाबून लिहितेस, लहानपणापासून. कागदाच्या पाठीवर बोट फिरवलं तर पेरलेल्या वाफ्यासारखं लागतं. छापखान्यात अक्षरांच्या शिशाच्या खिळ्यांचा ठसा बोटांनी पाहायची सवय आम्हाला. मी पानाच्या पाठीवरून हात फिरवला. वरपासून खालपर्यंत पेरलेलं.

‘‘खारू,’’ म्हटलं, ‘‘या कागदावर बरंच काही आहे.’’

‘‘मला वाचता येत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘शाळेत विचार. मला वाचताच येत नाही.’’

मी ओरडले नाही. तुला खरं वाटणार नाही, पण नाही ओरडले. म्हटलं, ‘‘छापखान्यात ओळ गळली तर कोणाला शिक्षा करत नसत. समासात खूण करायची आणि ओळ जागेवर भरायची. आपण तेवढं करू. सगळी पत्रं आण.’’

उशीच्या अभ्र्यातून काढून आणली. मग तिने भिंतीला टेकून तुझी तिन्ही पत्रं पहिल्यापासून वाचली, काहीही न गाळता. अंथरुणाची ओळ वाचताना आवाज इतका बारीक झाला की मी डोळे मिटून घेतले, म्हणजे तिला वाटावं मी बघत नाही. नंबरच्या खाटा वाचल्या. ‘‘तुझी हरकत नाही असं समजेन स्वल्पविराम’’ वाचलं. शेवटी नाक गळत होतं, हुंदका येत होता आणि तरीही माझी शिकवण सोडली नाही पोरीने: ‘‘मला वाटलं होतं तू भांडशील पूर्णविराम.’’

नंतर म्हणाली, ‘‘मला वाटलं, तुला कळलंच नाही तर होणारच नाही.’’

आता नीट वाच. जी ओळ गाळायची ती आधी वाचावी लागते. मनातल्या मनात, मोठ्याने दुसरंच म्हणत असताना. मग पुढचं कुठलं वाक्य घेतलं तर सांधा कळणार नाही ते हेरावं लागतं. हे तिने तुझ्या हातच्या अक्षरात केलं, एकतीस वर्षं गळलेल्या ओळी पकडणाऱ्या कानासमोर केलं आणि दोन महिने पचवलं. आमच्या छापखान्यात हे करू शकेल अशी एकही बाई नव्हती. आणि शाळा म्हणते दुसरीची पातळी. धड्यात अडखळते, खरं आहे. तो धडा मी ऐकलाय. मीही अडखळेन. पण तुझ्या पत्रात तिचं सगळं आयुष्य होतं, म्हणून ती वाचत होती.

माझी हरकत आहे. तू विचारलंस त्याचं उत्तर एक महिना उशिरा देते, माझ्या खोट्या ऐटीमुळे उशीर झाला. नंबरच्या खाटेवर ती वाचायला शिकेल कदाचित. पण तिथे तिला काही दडवावंसं वाटलं तर ते कोणाच्या हाताला लागणार? झेपतं की नाही ते मी सांगेन, तू माझ्या वतीने समजून घेऊ नकोस. मला दिसत नाही आणि तिला कोणी ऐकत नव्हतं. सध्या आमचं दोघींचं मिळून एक धड माणूस होतं.

तू आई आहेस. ठरवायचं तू. पण मी भांडले नाही असं पुन्हा म्हणू नकोस.

मावशी


५ सप्टेंबर

मावशी आणि खारू,

यापुढे पाकिटावर दोघींचं नाव असेल.

मावशी, मी रोज बारा पेशंटना विचारते, दिसतं का नीट, सूज आहे का, चक्कर येते का. तुझ्या ओळी उतरताना दिसत होत्या आणि मी टेबलाचा पाय मान्य केला. दोन दिवस मी त्याचाच विचार करतेय. शिंपी म्हणाले, सिस्टर, आज सुई तुम्हालाच टोचली का?

फॉर्म परत घेतला. ते म्हणाले, जागा पुन्हा मिळणार नाही. मी म्हटलं, चालेल.

पण माझी अट आहे. या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. खारू बरोबर जाईल आणि ते जे लिहून देतील ते मला कळवेल, ओळ न गाळता. दहाची रजा पुढे ढकलून नोव्हेंबरमध्ये चार दिवस घेतली आहे. न्यायला नाही, राहायला येते.

खारू, हे फक्त तुला. मी तुला दोन वर्षं ‘वाच, वाच’ म्हणत होते. तुला वाचायला मी कधी एक चिठ्ठीसुद्धा लिहिली नव्हती. तुझ्याबद्दल लिहीत होते, तुला नाही. ही ओळ मावशीआजीला मोठ्याने वाचून दाखवायची नसेल तर नको दाखवूस. ही तुझी आहे.

आई


५ ऑक्टोबर

आई,

हे पत्र मावशीआजी सांगतेय आणि मी लिहितेय. तिने सांगितलेलं आधी लिहिते.

नर्सबाई, डॉक्टरकडे जाऊन आले. काळजीचं काही नाही. डॉक्टर वयाने इतके लहान आहेत की त्यांना मीच गोळी द्यावी असं वाटलं. शाळेतल्या बाईंनी खारूला टेबलाजवळ एकटीला बोलावून वाचायला लावलं, बोटं न दाखवता. दहापैकी आठ ओळी नीट आल्या. दोन चुकल्या, त्यातली एक छापणाऱ्याची होती आणि तिने ती बाईंना दाखवली. बाई काही बोलल्या नाहीत. काही न बोलण्याचा अर्थ यावेळी मला कळला. शिंप्याला नमस्कार. मावशी.

आता माझं. मावशीआजीला वाटतंय पत्र संपलं. ती चहा ठेवायला गेलीय.

डॉक्टर ‘काळजीचं काही नाही’ असं म्हणाले नाहीत. त्यांनी लिहिलंय ते मी मागच्या पानावर जसंच्या तसं उतरवलंय. डाग जाणार नाही. वाढू नये म्हणून दर महिन्याला इंजेक्शन आहे. पहिलं झालं. तिने माझा हात इतका दाबला की नखं उमटली, आणि बाहेर आल्यावर म्हणाली की मी घाबरले होते म्हणून तिने हात धरला होता.

मी रोज वाचते. वीजबिल संपलं म्हणून आता गोष्टीचं पुस्तक काढलंय. मी थांबले की ती विचारते, पुढे कोरं आहे का? मग मी पुढचं वाचते.

तू फक्त मला लिहिलेली ओळ मी तिला वाचून दाखवली नाही. आणि मी ती गाळली हे तिला कळलं, तरी तिने विचारलं नाही.

तू जूनमध्ये तिला एक विचारलं होतंस आणि मी ते वाचलं नव्हतं. त्याचं उत्तर राहिलं. जूनमध्ये हो. जुलैमध्ये कधी कधी. तीस ऑगस्टपासून नाही.

खारू